बडोद्याच्या डाळीतला गूळ

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण मूळचे सांगलीचे. सात महिन्यांपूर्वी नोकरीसाठी बडोद्याला आलात, मकरपुऱ्याकडे खोली घेतली, एका गुजराती घरचा डबा लावला, आणि त्यातली डाळ आजही आपल्या घशाखाली उतरत नाही. दुसरीकडे, आईने पाठवलेला ठेचा आपल्या सुरतच्या रूममेटने बोटभर चाखला आणि बिचाऱ्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी आले. जीभ जन्मतःच निराळी असते का, सवयीने ती बदलते का, आणि दोघांनाही चालेल अशी डाळ एका कुकरमध्ये होऊ शकते का, असे आपण विचारले आहे. मी दांडिया बाजारात २८ वर्षे खानावळ आणि डबे चालवते, आणि त्याआधी कऱ्हाडहून लग्न होऊन या गावात आले तेव्हा आपल्याच जागी होते. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आपल्याला गोड खपत नाही, हे मला मुळात पटत नाही. पुरणपोळी आणि श्रीखंड ही पक्वान्ने म्हणून बाजूला ठेवू. पण लाल भोपळ्याच्या भरतात साखर पडते, पंचामृतात गूळ पडतो, मेथांबा तर गुळावाचून होतच नाही, आणि चिंचगुळाची आमटी आपल्याकडे घरोघर होते. कऱ्हाडला माझी आई आमटीत सुपारीएवढा गूळ टाकत असे आणि त्या आमटीला आमच्यापैकी कोणी कधी गोड म्हटले नाही. म्हणजे डाळीतला गूळ आपल्याला परका नाही. आपल्याकडे तो तिखटाच्या आणि गोड्या मसाल्याच्या आड बसतो आणि गुजराती डाळीत तो ओसरीवर येऊन बसतो. जिभेने तिखट-आंबटाची तयारी केलेली असते, तिला तिथे गोड भेटते, आणि ती दचकते. तोच गोडवा वाटीत बासुंदी म्हणून आला असता तर आपण वाटी चाटून पुसून ठेवली असती.

कोणत्या वाटीत गोड असावे, याचा ठराव प्रत्येक मुलखाने आपल्यापुरता केलेला आहे. बंगाल्यांच्या हरभऱ्याच्या डाळीत खोबऱ्याच्या कापांबरोबर साखर असते आणि त्याच जेवणाची सुरुवात मात्र कारल्याच्या कडू भाजीने होते. जपानी लोक अंड्याच्या पोळीत साखर घालतात, इराणी लोक अक्रोड आणि डाळिंबाचा रस आटवून मांसाचे आंबटगोड कालवण करतात. युरोपातही सतराव्या शतकापर्यंत श्रीमंतांच्या मांसाच्या पदार्थांत साखर सढळ हाताने पडत असे. फ्रेंच स्वयंपाकाने तिला हळूहळू जेवणाच्या शेवटी नेऊन बसवले, आणि आज तिकडच्या माणसाला जेवणाच्या मध्ये गोड आले की आपल्यासारखेच चमकायला होते.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी कबूल करते. ‘गुजराती जेवण गोड’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. काठियावाडकडचा डबा आपल्याला लागला असता, तर बाजरीचा रोटला, लसणाची लाल चटणी, वांग्याचा ओळो आणि शेव-टमाट्याची भाजी खाऊन आपण हा प्रश्न विचारलाच नसता. गोडाकडे खरा कल आहे तो अहमदाबादपासून सुरतेपर्यंतच्या पट्ट्याचा, आणि बडोदे त्याच्या बरोबर मध्ये येते. इथले पाणी खारे म्हणून गूळ घालतात, असे उत्तर आपल्याला कोणीतरी ऐकवलेच असेल; मला ते पटत नाही, कारण काठियावाडच्या किनाऱ्यावर पाण्याचा खारेपणा अधिक आणि जेवण मात्र झणझणीत आहे. शिवाय घराघरांत फरक असतो. आमच्या सासरी, म्हणजे चार पिढ्या बडोद्यात काढलेल्या मराठी घरात, आमटीत गोडा मसालाही पडे आणि शेंगदाणेही पडत. माझ्या सासूबाईंच्या लेखी ती अस्सल मराठी आमटी होती. माहेरी मी तशी करून दाखवली तेव्हा माझ्या काकूंनी ‘ही गुजराती डाळ छान झाली हो’ असे म्हटले होते.

पण आपल्या बाबतीत मला सर्वांत मोठा संशय आहे तो डब्यावर, आणि तो माझ्या स्वतःच्या फजितीमुळे आहे. डब्यांचा व्यवसाय नवा होता तेव्हा मी सकाळी साडेनऊला उकळत्या पातेल्यातली डाळ पळीने तळहातावर घेऊन चाखत असे. ती मला रोज बरोबर लागे. आणि आठवड्यातून दोनदा तरी संध्याकाळी रिकाम्या डब्याबरोबर निरोप येई की आज डाळीची खीर केली होती का. मला हे लोकांचे नखरे वाटत होते. एकदा मात्र बाजारात उशीर झाला आणि मी स्वतः दुपारी दोन वाजता उरलेला डबा उघडून जेवायला बसले. डाळ कोमट होती, निवून दाटली होती, वर साय धरली होती, आणि खरोखरच खीर होती. सकाळचीच डाळ, माझ्याच हातची.

कारण पुढे माझ्या लक्षात आले. आइसक्रीम गोठलेले असते तेव्हा बेताचे गोड लागते आणि वितळले की घशाशी येते, हे आपण अनुभवले असेल. गोड सर्वांत स्पष्ट कळते ते अंगाच्या उष्णतेइतक्या कोमट घासात. कडक गरम घास असला की जिभेला चटका आधी कळतो आणि बाकीचे मागाहून. दुसरे म्हणजे, आपण ज्याला चव म्हणतो त्यातला फार मोठा भाग नाकाचा असतो. सर्दी झालेल्या माणसाला सगळेच अन्न सपक लागते ते त्यामुळेच. हिंग, कढीपत्ता, लवंग, तुपातली मोहरी ही सारी मंडळी वाफेबरोबर नाकात शिरतात. वाफ गेली की वास गेला. गुळाला मात्र वाफेची गरज नसते, तो जिभेवर तसाच राहतो. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे की डब्याची डाळ वाटीत काढून पंधरा मिनिटे बाजूला ठेवायची आणि मग चाखायची, आणि गूळ नेहमीपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी घालायचा. आपल्या डब्याची डाळ एकदा खोलीवर पुन्हा उकळून, वर नखभर हिंगाची तुपातली फोडणी देऊन खाऊन पाहा. माझा अंदाज आहे की अर्धी तक्रार तिथेच मिटेल.

उरलेल्या अर्ध्या तक्रारीचे कारण डब्यात जे नसते त्यात आहे. गुजराती घरात पानावर बसून जेवलात तर डाळीच्या वाटीभोवती राईवाळ्या, म्हणजे मोहरी लावलेल्या मिरच्या, लोणचे, पापड, कच्चा कांदा किंवा कोबीचा संभारो आणि शेवटी पेलाभर ताक असते. त्या गोडव्याशी भांडायला चार जण तयार असतात. चार खणांच्या डब्यात रोटली, भाजी, डाळ, भात एवढेच मावते; भांडणारे कोणी उरतच नाही. त्यातून आपण बहुधा आपल्या सवयीप्रमाणे डाळ-भाताने सुरुवात करत असाल, कारण आपल्याकडे पहिला भात वरण, तूप आणि लिंबाचा असतो. इथे रोटली-भाजी आधी होते आणि डाळ-भात मागाहून येतो. क्रम उलटा करून, हाताशी चार राईवाळ्या मिरच्या आणि ताक ठेवून जेवणे हा उपाय फुकटचा आहे. छुंदो मात्र घेऊ नका; ते लोणचे असले तरी गोड आहे.

गुजराती डाळ चांगली कोणती, हे ओळखायचे कसे? माझ्याकडे कामाला नवीन मुलगा आला की मी त्याला एक खेळ देते. नुसती शिजवून घोटलेली, मीठ घातलेली तूरडाळ चार वाट्यांत काढायची. पहिली तशीच ठेवायची, दुसरीत गूळ, तिसरीत आमसुलाचे पाणी, चौथीत गूळ आणि आमसूल दोन्ही, दुसरी-तिसरीइतक्याच मापाने. मागच्या वर्षी आलेल्या पोराने दुसरी वाटी तोंडाला लावून तोंड वाकडे केले, तिसरीला डोळे मिटले, आणि चौथी चाखून म्हणाला की यात तुम्ही दोन्ही कमी घातले आहे. तसे नव्हते. आंबट आणि गोड एकमेकांना दाबतात, हे त्याच्या जिभेने त्याला सांगितले होते. म्हणून गुजराती डाळीचे खरे माप गुळाचे नसून गूळ आणि आंबटाच्या जोडीचे असते, आणि आंबट कमी पडले की दोष गुळावर येतो.

इथे डबेवाल्यांच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमसूल आणि चिंच महाग पडतात, वेळ खातात. म्हणून बरेच जण त्यांच्याऐवजी लिंबाचे फूल, म्हणजे सायट्रिक आम्लाचे खडे, आणि गुळाऐवजी साखर वापरतात. लिंबाच्या फुलाचा आंबटपणा जिभेवर टोचून लगेच निघून जातो आणि मागे साखर एकटी उरते. चिंचेचा आणि आमसुलाचा आंबटपणा रेंगाळतो, आमसुलाला थोडा तुरटपणाही असतो. गुळाला स्वतःचा किंचित खारट, जळका सूर असतो आणि तो डाळीच्या मातकट चवीत मिसळतो. साखरेला गोडीपलीकडे काहीच नसते. आपली डाळ पहिल्या घोटाला आंबट आणि गिळल्यावर नुसतीच गोड लागत असेल, तर तो दोष गुजरातचा नाही, त्या स्वयंपाकघराचा आहे. इथल्या लग्नातली ‘वरानी दाळ’ कधी मिळाली तर जरूर खा. तीत सुरण, शेंगदाणे, खारीक, लवंग, दालचिनी असते, आणि ती गोड असूनही लोक वाटीने पितात.

जन्मजात जिभेविषयी. तान्ह्या मुलाला गोड आवडते आणि कडू नको असते, ते सगळ्या जगात सारखेच. ते शिकवावे लागत नाही. काही फरक मात्र खरोखर जन्माचे असतात. १९३१ साली आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक पूड हवेत उडाली. त्याच्या सहकाऱ्याला ती कडू लागली आणि त्याला स्वतःला तिची काहीच चव आली नाही. हा फरक आनुवंशिक असतो, हे पुढे सिद्ध झाले. म्हणून कारले न खाणाऱ्या माणसाला मी आग्रह करत नाही. डाळीतल्या गुळाची गोष्ट निराळी आहे, ती मुख्यतः सवयीची आहे. रक्तदाबामुळे मीठ कमी केलेली माणसे माझ्याकडे जेवतात. पहिले काही आठवडे ती ‘अळणी, अळणी’ म्हणून कुरकुरतात आणि दोन-तीन महिन्यांनी त्यांनाच बाहेरचे जेवण खारट लागू लागते. आपले सात महिने झाले तरी तसे झाले नाही, याचे कारण मला असे दिसते की आपण ती डाळ रोज दोन घासांनंतर बाजूला सारता. टाकलेल्या अन्नाची सवय लागत नाही.

रूममेटच्या ठेच्याची हकीकत तर चवीची नाहीच. मिरचीतले कॅप्सेसिन ज्या मज्जातंतूंना जागे करते, तेच मज्जातंतू तोंड पोळल्याचा निरोप मेंदूला देतात. हा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपल्या रूममेटचे तोंड खरोखर पोळल्यासारखेच झाले होते, त्याने नाटक केले नव्हते. रोज थोडे थोडे तिखट खाल्ले की हे मज्जातंतू बोथट होतात, आणि आपण त्यालाच ‘सोसते’ म्हणतो. पुढच्या वेळी त्याला पाणी देऊ नका, पाण्यात ते द्रव्य विरघळत नाही. दूध किंवा दही द्या. आणि एक बाब जाता जाता, ठेचा ही आपली अनादि परंपरा असल्याचे त्याला सांगू नका, कारण मिरची अमेरिकेतली आणि ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात इकडे आली. त्याआधी सांगलीकरांचे पूर्वजही मिऱ्यांवर भागवत होते.

तर आपल्यापुरते असे झाले: गूळ आपल्याला परका नाही, डबा निवल्याने तो फुगून लागतो, आंबटाची जोड कमी पडते, आणि तिखट सोसणे हा सरावाचा भाग आहे. आता दोघांची डाळ एका कुकरमध्ये कशी करायची ते सांगते. बडोद्याने हा प्रश्न रस्त्यावर केव्हाच सोडवलेला आहे. शेव-उसळीच्या गाडीवर उभे राहून एकदा नीट पाहा. उसळ हा शब्द आपला, वाटाणे सुके, रस्सा पातळ आणि बेताचा. वर शेव, कांद्याची पात, बाजूला पाव. आणि लालभडक तरी वेगळ्या भांड्यात. गाडीवाला एकाला पळीभर तरी वाढतो, दुसऱ्याला थेंबभर, तिसरा हातानेच नको म्हणतो. एकाच पातेल्यातून मराठी, गुजराती, शाळकरी पोर आणि पेन्शनर सगळे जेवून जातात. त्याने तिखट पातेल्यात शिजवले असते, तर त्याचे अर्धे गिऱ्हाईक गेले असते.

डाळीलाही तेच लागू करा. एक वाटी, म्हणजे साधारण १५० ग्रॅम तूरडाळ अर्धा तास भिजवून, तिप्पट पाण्यात हळद आणि चमचाभर तेल घालून मऊ शिजवा. दोन चमचे शेंगदाणे त्याच कुकरमध्ये छोट्या वाटीत ठेवा. आंबट या वेळी घालू नका, नाहीतर डाळ दडस राहील. डाळ रवीने पुरती घोटून तीन वाट्या गरम पाणी, मीठ, किसलेले आले, एक चिरलेली मिरची, चार आमसुले, शेंगदाणे आणि सुपारीएवढा, म्हणजे १० ते १२ ग्रॅम गूळ घाला. मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटे उकळा आणि आमसुले काढून टाका. रात्रभर राहिली तर डाळ तुरट होते. इथवर ती दोघांची आहे. आता दोन पातेली करा. त्याच्या पातेल्यात आणखी तेवढाच गूळ, आणि तुपात मोहरी, जिरे, चार मेथीदाणे, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, हिंग, कढीपत्ता, सुकी मिरची. आपल्या पातेल्यावर तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला पाच-सहा पाकळ्या लसूण तांबूस करून, गॅस बंद केल्यावर त्या तेलात चमचाभर कांदा-लसूण मसाला. मसाला चालू आचेवर टाकला तर करपून कडू होतो, हे सांगलीकराला सांगायला नको, पण खोलीवरच्या छोट्या कढल्यात हमखास होते. पहिल्या महिन्यात एकमेकांच्या पातेल्यातली एकेक पळी घ्या, त्याहून अधिक आग्रह नको.

रोज स्वयंपाक जमणार नसेल आणि डबाच चालू ठेवायचा असेल, तर डबा देणाऱ्या बेनशी सरळ बोला. घरगुती डबेवाल्या बायका याचा राग मानत नाहीत. उलट डाळ परत आली की त्यांनाच वाईट वाटते. फक्त शब्द जपून वापरा. आमच्याकडे जेवणाऱ्या एका नगरच्या मुलाने आधीच्या डब्यावाल्या बाईंना हिंदीतल्या ‘मीठा’च्या धर्तीवर ‘मीठुं ओछुं नाखजो’ असे सांगितले होते. त्याला गोड कमी घाला असे म्हणायचे होते, पण गुजरातीत मीठुं म्हणजे आपले मीठ. बाईंनी बिचाऱ्याला काही आजार असेल असे समजून दुसऱ्या दिवसापासून मीठ अर्ध्यावर आणले, आणि अळणी डाळीतला गूळ तर दुप्पट गोड लागतो; तो पंधरा दिवस तेच जेवला आणि मग माझ्याकडे आला. गोडीला गुजरातीत गळपण म्हणतात. ‘बेन, दाळमां गळपण ओछुं राखजो, खटाश थोडी वधारे’, म्हणजे गोडी कमी आणि आंबट थोडे जास्त, एवढे म्हणा.